बत्तीस स्टेजचं आकाश

पी-३८ लाइटनिंग हे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकेचं लढाऊ विमान. दोन इंजिनं, मागे दोन समांतर शेपट्या, मधोमध वैमानिकाची कुपी. अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाचं हे विमान जमिनीवरच्या धावपट्टीवरून उडायचं, विमानवाहू नौकेवरून ते कधी लढाईला गेलं नाही. पण १९९० च्या दशकात ज्यांनी घरी टीव्ही गेम खेळला, त्यांच्या डोळ्यांसमोर ते नौकेवरूनच उडतं. निळा समुद्र, करडी नौका, डेकवरून वर उठणारं आपलं विमान आणि पडद्यावर ‘लास्ट ३२ स्टेज’ ही अक्षरं. गेमचं नाव ‘१९४२’.

त्या वयात पी-३८ हे नावही आम्हाला ठाऊक नव्हतं. ते ‘आपलं विमान’ होतं, एवढं पुरत होतं.

जपानच्या कॅपकॉम कंपनीने हा गेम १९८४ साली बाजारात आणला. तो घडवला योशिकी ओकामोटो यांनी. त्याआधी ते कोनामी कंपनीत होते. तिथे त्यांना गाड्या चालवण्याचा गेम करायला सांगितलं होतं आणि त्यांनी करून ठेवला विमानांचा! १९८२ सालचा तो ‘टाइम पायलट’. १९१० सालच्या दोन पंखी विमानांशी लढायला सुरुवात करायची आणि एकेक काळ ओलांडत २००१ सालच्या उडत्या तबकड्यांपर्यंत पोहोचायचं, अशी त्याची रचना. पुढे कॅपकॉममध्ये आल्यावर त्यांनी ‘१९४२’ केला. गेम पाश्चिमात्य देशांत खपावा अशी कंपनीची इच्छा होती. त्यामुळे जपानी माणसाने जपानमध्ये बनवलेल्या या गेममध्ये खेळणारा अमेरिकेच्या विमानात बसतो, पाडायची विमानं जपानची असतात आणि मुक्काम असतो टोकियो. हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर बराच वेळ मनातून जाईना. आपल्याच देशाच्या पराभवाचा खेळ करताना त्या माणसांना काय वाटलं असेल? गेममध्ये त्याचा मागमूस नाही. तिथे फक्त समुद्र आहे, बेटं आहेत आणि वरून येणारी विमानं आहेत.

माझं बालपण नाशिकचं. शहराजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. १९६४ पासूनचा. मिग-२१ तिथे घडली, पुढची मिगही घडली. त्यामुळे डोक्यावरून लढाऊ विमान जाणं हा आमच्याकडे रोजच्या ऐकण्यातला प्रकार होता. आवाज आधी कुठून येतोय ते कळायचं नाही, मग मान वर करून शोधायचं आणि तोवर विमान भलत्याच बाजूला गेलेलं असायचं. मिग दिसायची ती एवढीच. ती आतून कशी असेल, चालवणाऱ्याला काय वाटत असेल, हे विचारायला आजूबाजूला कुणी नव्हतं. मग मे महिन्याच्या सुट्टीत घरात टीव्ही गेम आला.

त्या यंत्राला सगळे टीव्ही गेमच म्हणायचे. समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशी नावं त्या काळी घरोघर पोहोचली होती. आत मूळ जीव होता निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमचा. पिवळ्या किंवा काळ्या प्लॅस्टिकची कॅसेट, तिच्यावर ‘९९९९९९९ इन १’ असं छापलेलं. यादी कितीही खाली नेली तरी खरे वेगळे गेम मोजकेच, बाकी त्यांचेच तुकडे वेगवेगळ्या नावांनी. कॅसेट चालली नाही की काढायची, खालून फुंकर मारायची, पुन्हा दाबायची. टीव्हीच्या मागची अँटेनाची वायर काढून गेमची लावायची आणि चॅनलचं बटण फिरवत बसायचं. मुंग्या जाऊन चित्र स्थिर झालं की घरात एकच आरडाओरडा. ज्यांच्याकडे विकत घ्यायची ऐपत नव्हती ते दिवसाच्या भाड्याने आणायचे. भाड्याने आणलेल्या गेमला त्या दिवशी झोप नसायची.

‘१९४२’मध्ये करायचं काय? विमान आपोआप पुढे जात राहतं. आपण ते डावी-उजवीकडे, पुढे-मागे हलवायचं. एक बटण गोळीचं, दुसरं कोलांटीचं. आम्ही तिला पलटी म्हणायचो. शत्रूच्या गोळ्यांनी चारी बाजूंनी घेरलं की पलटी मारायची. विमान पडद्यावर मोठं होत वर उचललं जातं, उलटं होतं, फिरून जागेवर येतं, आणि तेवढ्या वेळात गोळी लागत नाही. पण पलट्या मोजून मिळतात. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात इंग्रजी ‘आर’ अक्षरं असतात. पलटी मारली की एक अक्षर कमी.

या खेळाचा सगळा जीव त्या अक्षरांत आहे असं माझं मत आहे. गोळ्या अमर्याद, पलट्या मोजक्या. म्हणजे मारणं फुकट आणि वाचणं महाग. आत्ता पलटी मारावी की दोन गोळ्यांच्या मधल्या फटीतून विमान काढावं, हा निर्णय पापणी लवायच्या आत घ्यायचा. शेजारी बसलेला “पलटी मार, पलटी मार!” म्हणून ओरडतोय, आपण ती राखून ठेवतोय, आणि फट मिळते. विमान तिच्यातून निघतं. त्या क्षणी छातीत जे होतं, त्यासाठी माणूस पुन्हा पुन्हा बसतो.

मग लाल विमानं. ती रांगेने येतात, वळसा घेतात, निघून जातात. पूर्ण रांग पाडली तरच शेवटच्या विमानातून ‘पीओडब्ल्यू’ अक्षरांचं चौकोनी बक्षीस पडतं. ते घेतलं की कधी गोळ्यांची रुंदी वाढते, कधी दोन्ही बाजूंना दोन छोटी विमानं येऊन उडायला लागतात. ती छोटी विमानं आली की खेळण्याची पद्धतच बदलायची. आता आपण एकटे नाही, त्यांनाही जपायचं. त्यातलं एक गेलं तरी हळहळ वाटायची. ठिपक्या-ठिपक्यांच्या त्या चित्राबद्दल वाटणारी ती माया खरी होती.

आणि आवाज! संगीत म्हणावं असं त्यात फार नव्हतं. संचलनाच्या तालावरची एक न थांबणारी टिकटिक आणि वर कर्कश शिट्टी. घरातली मोठी माणसं त्या आवाजाने हैराण व्हायची. पण तो ताल हाताला खेळायला लावायचा. आजही तो कुठे कानावर पडला तर माझे अंगठे हलतात.

आता मुद्द्याचं बोलतो. हे विमान खरं विमान नव्हतं हे आम्हाला लहानपणीही कळत होतं. इंधन संपत नाही, उंची नाही, वेग कमी-जास्त होत नाही, वारा नाही, उतरताना चाकं काढावी लागत नाहीत. विमानातलं जवळजवळ सगळं गेम करणाऱ्यांनी काढून टाकलं होतं. ठेवल्या होत्या फक्त दोन गोष्टी: खाली सरकणारी पृथ्वी आणि अंगावर येणारं संकट. काढून टाकणं त्यांना भाग होतं, कारण यंत्राची ताकदच तेवढी. अमेरिकेत कॅरोल शॉ यांनी १९८२ साली अ‍ॅटारीच्या गेम यंत्रासाठी ‘रिव्हर रेड’ केला. नदीवरून उडणाऱ्या विमानाचा तो अख्खा गेम ४ किलोबाइटांत बसवला होता. एवढ्या जागेत नदी साठवून ठेवणं अशक्य, म्हणून नदी गणिताने जागच्या जागी तयार व्हायची, आणि दर वेळी तीच तयार व्हायची. इतक्या अडचणीत काम करणाऱ्या माणसाला प्रत्येक गोष्टीपाशी थांबून विचारावं लागतं: हिच्याशिवाय उडण्याची भावना उरेल का? उरणार असेल तर ती गोष्ट बाहेर. या चाळणीतून जे शिल्लक राहिलं, ते चाळीस वर्षांनंतरही शिळं झालेलं नाही.

या कलेचं टोक गाठलं सेगा कंपनीच्या यू सुझुकी यांनी. १९८५ साली त्यांना जेट विमानाचा गेम करायचा होता. पण विमान सगळ्या कोनांतून दाखवायला लागणारी चित्रं यंत्राच्या स्मृतीत मावेनात. तेव्हा विमानाच्या जागी उडणारा माणूस आला. हॅरियर या विमानाचं नाव मात्र तसंच राहिलं, ‘स्पेस हॅरियर’. मनातलं विमान त्यांनी दोन वर्षांनी उडवलं. जुलै १९८७ मध्ये ‘आफ्टर बर्नर’ आला. ‘टॉप गन’ चित्रपट आदल्याच वर्षी येऊन गेला होता आणि त्यातलं एफ-१४ टॉमकॅट जगभर गाजत होतं. सुझुकींनी तेच घेतलं. त्रिमिती आकार काढण्याची ताकद त्या यंत्रात नव्हती. सपाट चित्रंच झपाट्याने मोठी करत नेऊन ती अंगावर येत असल्याचा भास घडवला होता. साडेबारा मेगाहर्ट्‌झचे दोन प्रोसेसर हे सगळं ओढत होते. आज खिशातला साधा मोबाइलही त्याच्या कैक पट ताकदीचा असतो.

‘आफ्टर बर्नर’चं सगळ्यात महागडं यंत्र म्हणजे विमानाची कुपीच होती. आत बसायचं, पट्टा लावायचा, दांडा हातात घ्यायचा आणि दांडा वळेल तशी खुर्चीसकट कुपी डावी-उजवीकडे, पुढे-मागे कलायची. शत्रू टप्प्यात आला की यंत्र ‘फायर!’ ओरडायचं. दांडा झटक्याने एका बाजूला टाकला की अख्खं क्षितिज गरकन फिरायचं. हिरोशी कावागुची यांचं संगीत मागे सुसाट सुटलेलं असायचं. मधूनच एक मोठं विमान वर येऊन हवेतल्या हवेत आपली क्षेपणास्त्रं भरून द्यायचं! जगातल्या कुठल्याही हवाई दलात असं होत नाही. हवेत इंधन भरता येतं, क्षेपणास्त्रं नाही. खऱ्या एफ-१४ ला फिनिक्स क्षेपणास्त्रं जास्तीत जास्त सहा नेता यायची. ‘आफ्टर बर्नर’मध्ये एकेका स्टेजमध्ये त्याहून जास्त उडून जायची. १९९० साली सेगाने याहून पुढे जाऊन ‘जी-लॉक’साठी आर-३६० नावाचं यंत्र काढलं, ते माणसाला बसल्या जागी पूर्ण उलटं फिरवायचं.

आमच्यापर्यंत ती डोलणारी कुपी आली नाही. आम्ही ती पाहिली पडद्यावर. १९९१ च्या ‘टर्मिनेटर २’ चित्रपटात जॉन कॉनर मॉलच्या पार्लरमध्ये खेळताना दिसतो, तो गेम ‘आफ्टर बर्नर’च. आमच्या वाट्याला आलं ते नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या गल्लीतलं व्हिडिओ पार्लर. अंधारी खोली, उभी लाकडी खोकी, आणि पडद्याच्या काचेवर हातांचे ठसे. एक रुपयाचं नाणं टाकायचं. ते नाणं दिवसभराच्या हिशेबातलं असायचं, वडापाव किंवा गेम. म्हणून प्रत्येक गोळी चुकवण्याला किंमत होती. मागे चार जण उभे असायचे. त्यांच्याकडे पैसे नसले तरी ते खेळतच असायचे, नजरेने. कुठल्या स्टेजला कोण कुठून येतं, हे शिकायची शाळा तीच. छापील पुस्तक नाही, सांगणारं कुणी नाही. जो पुढे गेला त्याच्या खांद्यावरून बघायचं आणि लक्षात ठेवायचं.

आता त्याच एफ-१४ चं आजचं रूप बघा. ‘डीसीएस वर्ल्ड’ या संगणकावरच्या सिम्युलेटरसाठी २०१९ साली हीटब्लर नावाच्या गटाने टॉमकॅट तयार केलं. कुपीतली बटणं, खटके, काटे सगळे खऱ्यासारखे आणि चालणारे. इंजिनं क्रमाने सुरू करायची, दिशादर्शक यंत्रणा जुळेपर्यंत थांबायचं, मागच्या आसनावरच्या रडार अधिकाऱ्याशी काम वाटून घ्यायचं. तो अधिकारीही संगणकच चालवतो आणि बोलतो. विमान जमिनीवरून हलायलाच काही मिनिटं जातात. यात शत्रू दिसतो तो बहुतेकदा रडारवरचा ठिपका म्हणून. २०२० च्या ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’मध्ये तर उपग्रह-छायाचित्रांवरून अख्खी पृथ्वी उभी केली आहे. मी त्यात नाशिकवरून उडालो, गंगापूर धरण ओळखलं, रामशेज किल्ला ओळखला. डोळे भरून यावेत असं ते दृश्य आहे. ज्यांनी हे घडवलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. लहानपणी मिगच्या आवाजामागे धावताना जो प्रश्न पडायचा, आतून कसं असेल, त्याचं उत्तर आज घरबसल्या मिळतं. आपल्या हवाई दलानेही २०१९ मध्ये मोबाइलवर स्वतःचा गेम काढला. आजच्या मुलांना आपल्या विमानात बसायला मिळतं, याचा मला आनंद आहे.

पण एक फरक पडला आहे आणि तो यंत्राच्या ताकदीचा नाही. तो पैशाच्या वाटेचा आहे. पार्लरमधलं नाणं टाकल्यावर यंत्र आणि आपण बरोबरीत यायचो. पुढे जे होईल ते हातांवर. जास्त पैसे टाकून रुंद गोळी मिळत नव्हती, छोटी विमानं विकत मिळत नव्हती. ती लाल रांग पाडूनच मिळवावी लागायची. आज मोबाइलवरचे बरेचसे गेम फुकट सुरू होतात आणि मग हळूहळू पैसे मागतात: हे विमान हवं, ते शस्त्र हवं, थांबायचं नाही तर इतके द्या. योगायोग बघा, ‘१९४२’ करणाऱ्या ओकामोटो यांनीच पुढे २०१३ साली ‘मॉन्स्टर स्ट्राइक’ घडवला. नशिबाच्या सोडतीतून पात्रं मिळवायला लावणारा तो गेम जपानमध्ये मोबाइलवरच्या सगळ्यात जास्त कमाई करणाऱ्यांपैकी एक ठरला. त्यातही कारागिरी आहे, मी नाकारत नाही. पण त्यांच्या दोन्ही खेळांतून निवडायला सांगितलं तर मी मोजक्या पलट्यांचा गेम निवडेन आणि त्याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही.

जुने गेम आज पुन्हा मिळतात. अधिकृतपणे मिळतात ही फार चांगली गोष्ट आहे. कॅपकॉमने २०२१ मध्ये ‘आर्केड स्टेडियम’ नावाचा संग्रह काढला, त्यात ‘१९४२’ आहे. चित्र स्वच्छ, रंग चोख. मात्र त्यात एक सोय दिली आहे: मेलात तर वेळ मागे फिरवता येते. माझा भाचा दहा वर्षांचा आहे. त्याने एका दुपारी तो लावला आणि बत्तिसातल्या पुष्कळ स्टेज झपाझप मागे टाकल्या. गोळी लागली की बटण दाबून मागे, पुन्हा पुढे, पुन्हा मागे.

“मामा, यात अवघड काय होतं रे?” त्याने विचारलं.

मी ती सोय बंद करायला लावली. मग तो दुसऱ्याच स्टेजला गेला. परत लावला. परत गेला. जरा वेळाने तो पुढे सरकून बसला, पाठ सरळ झाली, बोलणं बंद. लाल रांग पूर्ण पडली तेव्हा त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला ओळखीचा होता. मी शेजारून ओरडलो, “पलटी मार!” त्याने मारली नाही. राखून ठेवली आणि फटीतून विमान काढलं. त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं.

‘१९४२’मधली आणखी एक गोष्ट आजच्या मुलांना विचित्र वाटते. दोघे जण एकाच वेळी खेळू शकत नाहीत. पहिल्याचं विमान पडलं की दुसऱ्याची पाळी, त्याचं पडलं की पुन्हा पहिल्याची. म्हणजे अर्धा वेळ नुसतं बघत बसायचं. आम्हा भावंडांचं बघत बसणं रिकामं नसायचं. दादा खेळताना मी श्वास धरून बसायचो, त्याचं विमान पडावं अशी इच्छाही असायची आणि पडू नये अशीही. आज दोघे खेळणारे दोन वेगळ्या शहरांत, दोन वेगळ्या पडद्यांपुढे, कानाला हेडफोन लावून असतात. त्यांची गाठ पडते हे चांगलंच आहे, परदेशी गेलेला मित्र त्यामुळे रोज भेटतो. पण एका पडद्यापुढे एकाच सतरंजीवर बसून दुसऱ्याचं विमान वाचावं म्हणून ओरडणं ही वेगळी चीज आहे आणि ती आता क्वचित घडते.

अमेरिकी नौदलाने एफ-१४ ला सप्टेंबर २००६ मध्ये निरोप दिला. त्याच वर्षी सेगाने ‘आफ्टर बर्नर क्लायमॅक्स’ पार्लरमध्ये आणला होता, आणि त्यात टॉमकॅट होतंच. घरच्या यंत्रांवर तो २०१० मध्ये आला. पण खऱ्या विमानांची नावं आणि रूपं वापरायचे परवाने संपले, म्हणून २०१४ मध्ये तो दुकानांतून काढून घ्यावा लागला. खऱ्या विमानाच्या जितकं जवळ जावं तितक्या अशा अडचणी वाढतात. आमच्या ओझरच्या मिग-२१ लाही भारतीय हवाई दलाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त केलं. लहानपणी ज्याच्यामागे मान वळवून बघायचो ते विमान आता कुठल्याच आकाशात आपल्या हवाई दलासाठी उडणार नाही. पी-३८ ही आता जगात मोजकीच उडती उरली आहेत.

तुमच्या घरी तो काळ पाहिलेलं कुणी असेल, दादा, ताई, काका, तर एखाद्या रविवारी ‘१९४२’ मिळवा. मोबाइलच्या एवढ्याशा काचेवर नको, मोठ्या टीव्हीवर लावा. वेळ मागे फिरवायची सोय बंद ठेवा. दोन खेळाडूंचा पर्याय निवडा, घरातल्या सगळ्यात लहान मुलाला शेजारी बसवा, आणि तुमचं विमान पडलं की गेमचा रिमोट त्याच्या हातात द्या.